कुंपणापलीकडे एक चहा

आमच्या विमानतळावर दिवसाला एकच प्रवासी विमान येतं. ते आलं की तासभर धावपळ, आणि उरलेला दिवस आम्ही, रिकाम्या खुर्च्या आणि मंदामावशीचा चहा. असल्या ठिकाणी किस्से साठणार नाहीत तर काय! माझा भाऊ म्हणतो, तुमच्याकडे विमानं कमी आणि गोष्टीच जास्त उतरतात. खरंच आहे ते.

धावपट्टी एक, पण घरमालक दोन. अलीकडे आम्ही टर्मिनलवाले, पलीकडे मिलिट्री, मधे तारेचं कुंपण आणि एक फाटक. पलीकडचे प्रमुख म्हणजे आमचे 'साहेब'. उत्तरेकडचे, उंच, कडक इस्त्रीचे. फाटकाजवळ कुणी नुसतं रेंगाळलं तरी त्यांचा फोन येतो.

मंदामावशी अंजनगाव सुर्जीची. तिची लेक किरण हवाई दलात पायलट आहे, मोठी मालवाहू विमानं चालवते. तिच्या पासिंग आउट परेडच्या वेळी मावशी टायफॉइडने अंथरुणात होती, त्यामुळे लेकीला वर्दीत, विमानाजवळ तिने कधी पाहिलंच नाही. आमचं कँटीन तिने चालवायला घेतलं ते त्याच आशेवर. "येक ना येक दिवस तिचं इमान इथं उतरनच न बाप्पा," म्हणते. करड्या रंगाचं विमान दिसलं की मावशी हातातलं काम टाकून कुंपणाशी!

*

सेवा नवी होती तेव्हाची गोष्ट. पातूरचे एक काका घरादारासकट हैदराबादला निघाले. विमानात सगळ्यांच्या आधी चढले आणि एसटीच्या सवयीने एका सीटवर टोपी, दुसरीवर दुपट्टा टाकून मोकळे झाले. मागून अमरावतीचे दोन प्राध्यापक आले. त्या दोन्ही सीटा त्यांच्याच. हातात बोर्डिंग पास, त्यावर नंबर, तरी दोघं मुकाट उभे.

एअर होस्टेसने विचारलं, आपण बसत का नाही?

"टोपी ठेवली आहे ना त्यांनी," प्राध्यापक म्हणाले.

*

आमच्या गजाननने अनाउन्समेंटचं रीतसर ट्रेनिंग घेतलंय. इंग्रजी झालं, हिंदी झालं, तरी एके दिवशी एकही माणूस जागचा हलेना. विमान निघायची वेळ झालेली. गजाननने माईक तोंडाजवळ घेतला, "हैदराबादवाले, काहून बसून राहिले? चाला लवकर, इमान काही तुमच्या घरचं नाही."

अख्खा हॉल एकदम उठला. पुण्याचे एक गृहस्थ मात्र थेट काउंटरवर आले. प्रवाशांशी ही बोलायची पद्धत का, वगैरे. गजानन चकित झाला. आपण तर प्रेमानंच सांगतलं, असं त्याचं म्हणणं होतं. अजूनही आहे.

*

एकदा मावशीने कँटीनच्या गच्चीवर उडदाचे पापड वाळत घातले. पलीकडे एका मिलिट्री विमानाने पंखे फिरवले आणि पापड उडाले ते थेट धावपट्टीवर! आम्हाला हसू फुटलं, पण साहेबांना नाही. धावपट्टीवर खिळासुद्धा चालत नाही, इंजिनात गेला तर घात होतो. त्यांनी जवानांची ओळ लावली. खांद्याला खांदा, नजर खाली, एकेक पापड वेचत सगळे या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. मग पापडांची परात फाटकावर आली.

मावशीने पापड मोजले. "येक कमी हाय."

जवानांमध्ये कुजबुज झाली. शेवटी एकाने कबूल केलं, कच्चाच खाल्ला म्हणून.

*

साहेब चहा पीत नाहीत. आमच्याकडे हे कुणालाच पटत नाही. मावशीने आल्याचा पाठवला, गवती चहाचा पाठवला, बिनदुधाचा पाठवला. प्रत्येक कप भरलेला परत आला आणि सोबत एकच निरोप, "मैं चाय नहीं पीता." साहेबांना घरी कोणी मायेनं विचारत नसणार, असं ठरवून मावशी मोकळी झाली.

*

गेल्या हिवाळ्यात एक करडं विमान उतरलं आणि कँटीनमधला मावशीचा मोबाइल वाजला. किरण होती. आई, मी तुझ्यासमोरच आहे, पण अर्ध्या तासात निघायचंय, बाहेर येता येत नाही.

मावशी कुंपणाला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. विमान दूर, माणसं मुंग्यांएवढी. मी साहेबांना फोन लावला, जीव तोडून सांगितलं. ते म्हणाले, भेटीसाठी फाटक उघडत नाही, नियम आहे. फोन ठेवला. मला इतका राग आला त्यांचा!

थोड्या वेळाने फोन वाजला. साहेबच. "मेरे लिए एक चाय भेजिए. मंदाजी खुद लेकर आएँ. साथ में आप."

फाटकावर जवानाने ट्रे तपासला. कपाशेजारी कागदाची पुडी. मीठ, मोहरी, वाळकी मिरची.

"ये चाय में डालते हैं?"

"आने दो," मागून साहेब म्हणाले.

किरण विमानातून उतरून पळतच आली. मावशी रडली नाही. तिने लेकीला पुढून पाहिलं, वळवून मागून पाहिलं. "बारीक झाली वं," म्हणाली आणि पुडी सोडली. एवढं मोठं विमान चालवणारी पोरगी शाळेतल्यासारखी ताठ उभी राहिली आणि आईने तिची दृष्ट काढली. मला काही आवरलं नाही, मी सरळ रडले.

मग मावशीने विमानाकडे नाकापासून शेपटीपर्यंत पाहिलं. एवढ्याला मीठ पुरणार नव्हतं. ती साहेबांकडे वळली.

"साहेब, तुमी बी उभे राहा तिच्या बाजूले. तुमची कोनी काढली नसन लय दिवसात."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. टोपी काढून काखेत घेतली आणि किरणशेजारी जाऊन उभे राहिले. मावशीचा हात पोचेना, तेव्हा थोडे वाकले.

विमान वेळेवर उडालं. साहेबांच्या जीपच्या बॉनेटवर चहा तसाच होता, साय धरलेला.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम फोन केला. साहेब, चहा पाठवू?

"मॅडम," ते म्हणाले, "आपको मालूम है, मैं चाय नहीं पीता."