लतीफचाचा आणि दुसरा प्रोसेसर

कुठलंही यंत्र उघडायच्या आधी लतीफचाचा मनगटावरचं घड्याळ काढत, बोटातली चांदीची अंगठी काढत, दोन्ही वस्तू शर्टाच्या खिशात टाकत आणि लॅबच्या खिडकीचा लोखंडी गज मुठीत धरून क्षणभर गप्प उभे राहत. मी नोकरीला लागले त्या आठवड्यात मला वाटलं, हे दुआ मागताहेत. तसं विचारलंही. ते हसले. "दुआ कशाची बेटा? अंगात वीज साठती. ती गजाला देऊन यायची, मगच आत हात घालायचा. एवढ्याशा ठिणगीनं चीप जाती, आन् आपल्याला कळत बी न्हाय."

लोहाऱ्याच्या रस्त्यावरच्या आमच्या छोट्याशा कॉलेजात ते लॅब अटेंडंट होते आणि मी संगणकाची शिक्षिका. कागदावर मी वरची, ते खालचे. प्रत्यक्षात काय होतं ते शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. सास्तूरला त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. लोक टीव्ही दुरुस्त करण्याऐवजी बदलायला लागले तेव्हा ते इकडे आले. मुलांसमोर मला 'म्याडम' म्हणत, एरवी 'बेटा'. ऑफिसचा प्रिंटर, स्टाफरूमचा पंखा, प्राचार्यांच्या घरचा मिक्सर, सगळं त्यांच्या टेबलावर येऊन पडे. कुणी मागे लागलं की उत्तर ठरलेलं: "घाई असंल तर घिऊन जावा, न्हायतर उद्या या." प्राचार्यांनाही हेच. काढलेले स्क्रू बिस्किटाच्या डब्याच्या झाकणात, काढले त्याच क्रमानं गोल मांडलेले असत. त्या झाकणाला कुणाचा धक्का लागला की मात्र त्यांची जीभ अशी सुटायची की मुली कानावर हात ठेवायच्या.

एका कार्यालयानं भंगारात काढलेला सर्व्हर आम्हाला मिळाला. चांगला जाडजूड, दोन प्रोसेसरचा, आणि पंख्यांचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा. बेत असा होता की त्यावर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स टाकायचं आणि लॅबमधली वीस म्हातारी यंत्रं त्याच्या जोरावर चालवायची. चाचांनी कामाची वाटणी करून टाकली. "आतलं तुझं, भायेरचं माझं." त्यांनी सर्व्हर पुरा उघडला, पाव शेर धूळ काढली, दोन्ही प्रोसेसर काढून पुसले आणि परत बसवले. मग मी लिनक्स टाकायला बसले.

ते मध्येच अडकायचं. तीनदा अडकलं. इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं होतं की सुरू होतानाच्या आज्ञेत 'acpi=off' एवढं घाला. घातलं, आणि गाडी सुरळीत चालली. यंत्रात काय काय बसवलंय याची यादी मदरबोर्ड लिनक्सला देतो. ही ओळ म्हणजे ती यादी वाचूच नको असं सांगणं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची गरजही वाटली नाही. केलेला प्रत्येक बदल यंत्राला चिकटवलेल्या कागदावर लिहायचा हा चाचांचा दंडक. मी म्हटलं, नंतर लिहू. मग विसरून गेले.

लिनक्सला एकच प्रोसेसर दिसत होता. आठ-नऊ यंत्रं सुरू झाली की सगळं ठप्प, आणि उरलेल्या मुली भिंतीला टेकून उभ्या. चाचांनी मला विचारलं, "बेटा, तुझ्या बाजूचं समदं तपासलं?"

"हो चाचा."

मी काहीच तपासलं नव्हतं. आपलं बरोबर असणार याची खात्री होती, एवढंच. ते म्हणाले, "मग माझ्याच हातचं हाय."

त्या वर्षी त्यांचा उजवा हात कापायला लागला होता. चारचौघांत ते तो खिशात ठेवत. दुसरा प्रोसेसर बसवताना हात हलला होता आणि प्रोसेसर कडेला घासला होता. जिथे तो बसतो तिथल्या पिना केसाएवढ्या. त्यातली एखादी आपण वाकवली, असं त्यांच्या मनानं घेतलं. मग पंधरा दिवस रोज दुपारी ते भिंग घेऊन सर्व्हरवर वाकलेले आणि मी टॉर्च धरून शेजारी. त्यांनी प्रोसेसरांची अदलाबदल करून पाहिली. पहिल्या जागेवर दोन्ही चालले. म्हणजे प्रोसेसर चांगले, दोष दुसऱ्या जागेचा, असा त्यांनी हिशेब केला. यंत्राच्या आतल्या सेटिंगमध्ये खरं काय ते दिसलं असतं, पण तिथं जुन्या कार्यालयाचा पासवर्ड होता आणि तो कुणालाच आठवत नव्हता. चाचांचा तर्क चोख होता. फक्त त्याच्या बुडाशी माझा 'हो' होता.

सोळाव्या दिवशी त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. लॅबमध्ये आम्ही दोघंच होतो, तरी म्हणाले, "म्याडम, हे आता माझ्याच्यानं व्हनार न्हाय. माझ्या हातानं चांगली वस्तू मेली."

मी म्हटलं, "असं काय बोलता चाचा, जुनंच तर यंत्र."

"जुनं तर मी बी हाय," ते म्हणाले आणि घड्याळ मनगटावर चढवलं.

त्यानंतर त्यांनी एकही यंत्र उघडलं नाही. हत्यारांची पेटी सास्तूरच्या एका वायरमनला देऊन टाकली. निवृत्तीला सात महिने होते, तेवढेही थांबले नाहीत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सहज सर्व्हर सुरू करून पडद्यावरून सरकणाऱ्या ओळी वाचत बसले होते. सगळ्यात वर माझीच ओळ होती. ती खोडली. परत सुरू केलं. पूर्वी जिथं अडकायचं ते तोवर लिनक्सच्या नव्या आवृत्तीनं मिटवलं होतं. यंत्र मुकाट सुरू झालं आणि प्रोसेसर मोजले तर दोन. यादीच वाचू नको असं मी सांगून ठेवलं होतं, मग दुसरा प्रोसेसर त्याला दिसणार कुठून?

दुसऱ्याच दिवशी सास्तूरला गेले. एसटीत सगळं पाठ केलं होतं. चाचा बाजेवर बसले होते, चाची आत चहा टाकत होत्या. मी म्हटलं, "चाचा, दोन्ही प्रोसेसर दिसायला लागले."

केवढे खुलले! "व्हय? काय झालतं?"

हाच तो क्षण होता. मी म्हणाले, "नवीन अपडेट आलं."

त्यांनी थोडा विचार केला. उजव्या हाताची बोटं डाव्या हातानं दाबून धरली होती. "म्हंजी पिन वाकडीच असंल, पर त्यानं चालवून घेतलं. असं का?"

आणि मी मान हलवली. का हलवली? लाज वाटली म्हणून. ते मला बेटा म्हणत होते म्हणून. पुढच्या खेपेला सांगू असं वाटलं म्हणून. मला चांगली थोबाडीत मारायला हवी होती कुणीतरी.

पुढची खेप झाली नाही. दीड महिन्यानं ते झोपेतच गेले.

चाची इद्दतीत, नवऱ्यामागं घरातच बसायच्या दिवसांत, असताना मी त्यांना भेटायला गेले आणि सगळं सांगितलं. ती ओळ, तो 'हो', ती हलवलेली मान. प्रोसेसर वगैरे त्यांना कळलं नसावं. जे कळायचं ते कळलं.

"म्हंजी त्यांच्या हातानं कायच बिघडलं न्हवतं?"

"नाही चाची. पिना सरळ होत्या."

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग माझ्याकडे न बघता बोलल्या, "शेवटाला चहाची बशी बी धरत न्हवते. म्याच पाजायची. म्हनायची, अवो घ्या की, एवढा बी कापत न्हाय हात. तर म्हनायचे, नगं, या हातानं त्या पोरीचं लई नुकसान झालंय."

चाची रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या, तर मला तिथून उठता तरी आलं असतं.