पावडर नसलेली बाटली
निरगुडीचा पाला उकळल्याचा उग्र वास आला की मला आटगावचं आमचं अंगण आठवतं. मी एम.एस्सी.ला होते. पाल्याच्या काढ्यातून झिंक ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण करायचे आणि त्यांनी पाण्यातला कापड-रंग घालवायचा, हा माझा प्रकल्प. पाला आणून द्यायची पाड्यावरची एक मावशी. एवढ्या पाल्याचं करतेस काय, असं दर खेपेला विचारायची. एकदा मी ऐटीत तिला त्या कणांची पावडर टाकलेल्या निळ्या पाण्याची बाटली दाखवली. चार तासांच्या उन्हात पाणी जवळजवळ नितळ झालं होतं. तिने डोळे बारीक करून बाटली हलवली. "उन्हात माजं लुगडं पन विटतं गो, त्याला कोन पावडर लावतं? पावडर नाय टाकलेली बाटली ठेवलीस का?" ठेवली नव्हती. दुसऱ्या दिवशी रागारागाने दोन्ही शेजारीशेजारी ठेवल्या. संध्याकाळपर्यंत दोन्ही सारख्याच विटल्या. सहा महिन्यांची मेहनत एका लुगड्यापुढे टिकली नाही. आता माझे विद्यार्थी नितळ पाणी घेऊन धावत येतात, तेव्हा मी आधी दुसरी बाटली मागते. बाई फार संशयी आहेत, असं ते बाहेर जाऊन म्हणतात. त्यांनी मावशीला पाहिलेलं नाही.