‘अ’ वर्गातला अर्ज

सुनेनं तांदळाच्या डब्यात कडुनिंबाचा पाला टाकला आणि त्या वासानं मला थेट कर्जतच्या मामलेदार कचेरीतल्या दप्तरखोलीत नेलं. दुसऱ्या महायुद्धाची लढाई नुकतीच संपली होती. रेकॉर्ड सांभाळणारे युसुफभाई आणि मी, नवा कारकून, जुन्या कागदांना नंबर घालून लाल रुमालांत बांधत होतो. कीड लागू नये म्हणून मधे हाच पाला घालायचा. ‘अ’ वर्गातले कागद कायम ठेवायचे, ‘ड’मधले वर्षानं जाळायचे.

जवळच्या कोंडाणे गावच्या एका बाईचा अर्ज हाती आला. तिचा मुलगा पलटणीत गेला होता, त्याचा ठावठिकाणा तिनं विचारला होता. खाली शेरा होता, ‘माहिती नाही’. मी ‘ड’ लिहायला टाक बुडवला.

“थांब रं,” युसुफभाई म्हणाले. “ती दर बाजाराला दारात येऊन विचारते ना, माजा पोरगा कुठं हाय म्हणून?”

“येते. पण उत्तर दिलंय. प्रकरण संपलं.”

“तिचं नाय संपलं. ‘अ’ घाल.”

मी कुरकुरत घातला. कायदा मोडल्यासारखं वाटलं. आता युसुफभाई नाहीत, ती बाईही नसेल. अर्ज मात्र आपल्या नंबरावर बसून अजून विचारत असेल, माजा पोरगा कुठं हाय.