मावशीने बदललेले कांदे

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली त्या संध्याकाळी मी बाबांशी कडकडून भांडले. विषय जुनाच. पदवी झाली की मी बँकेच्या परीक्षांचा क्लास लावावा असं त्यांचं म्हणणं होतं, आणि मला एम.एस्सी. करायचं होतं. बाबा नाशिकच्या अंबड भागात एका कारखान्यात सुपरवायझर. कुठल्याही गोष्टीचा शेवट काय, हे आधी कळल्याशिवाय ते तिची सुरुवात करू देत नाहीत. "एम.एस्सी. करून पुढे काय करशील?" त्यांनी विचारलं. मला उत्तर येईना, म्हणून मी दार आपटलं. मी मुळातच तापट आणि घाईची, आणि त्या वयात तर विचारूच नका.

शेवटी आईने मध्यस्थी केली. "तिच्या त्या मॅडम स्वतः म्हणाल्या की हिला जमेल, तर शिकू द्या. नाही म्हणाल्या तर क्लास." बाबा कबूल झाले, पण अट घालून. मॅडमनी त्यांच्या तोंडावर सांगायला हवं. आणि तोवर क्लासमध्ये माझी जागा धरून ठेवायला फोन करून मोकळेही झाले. अस्सा राग आला मला!

मॅडम आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. दर उन्हाळ्यात त्या दोन-तीन मुलांना हाताशी घेऊन छोटी छोटी संशोधनाची कामं करून घेत. मार्क नाहीत, काही नाही. शेवटी सगळ्या विभागासमोर पंधरा मिनिटं बोलायचं आणि एक प्रमाणपत्र घ्यायचं. सुती साडी, पायात स्पोर्ट्स शूज, पर्समध्ये कायम भाजलेले शेंगदाणे. त्यांना काहीही सांगायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "तू पाहिलंस, की तुला वाटलं?" भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची.

मी त्यांच्याकडे गेले आणि एका दमात सांगून टाकलं की माझी मावशी नामपूरला असते, तिच्याकडे कांद्याची चाळ आहे, आणि कडुनिंबाचा पाला घातला तर कांदा कमी सडतो असं तिकडे म्हणतात. "म्हणतात ना?" मॅडम म्हणाल्या. "मग बघू या." झालं, माझा विषय ठरला. सहा जाळीच्या पिशव्या, तीन पिशव्यांत पाला, तीन साध्या. प्रत्येकीत पन्नास कांदे. दर रविवारी जाऊन सडलेले मोजायचे आणि वजन करायचं. "आणि एक," मॅडमनी बजावलं, "प्रत्येक कांद्यावर मार्करने नंबर घाल. प्रत्येक."

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. नाशकात वाढलेली, पण लग्न होऊन नामपूरला गेली आणि तिची भाषाच पालटली. आमच्याशी अर्धी मराठी, अर्धी अहिराणी बोलते आणि आपण काय बोलतोय ते तिचं तिलाही कळत नाही. तिची चाळ म्हणजे बांबूच्या भिंतींचं, वारा खेळता राहील असं लांबलचक गोदाम. मी पिशव्या भरायला बसले आणि मार्कर काढला. दहा कांदे झाले. वीस झाले. टरफल सुटायचं, ओली शाई हाताला लागायची, वर ऊन असं की डोक्याचा भुगा व्हावा. म्हटलं, मरू दे! कांद्याला काय हजेरी द्यायचीय? नंबर घातलेले वीस मी बाजूला सारले आणि तीनशे कांदे तसेच कोरे भरले. पिशव्यांना रंगीत दोरे बांधले आणि स्वतःवर खूश होऊन आंबरसाला बसले.

मग सुरू झाले माझे रविवार. सकाळी नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून एसटी, सटाण्याला बदलायची, दुपारपर्यंत नामपूर. मावशी दारातच उभी. "जेवी ले बेटा, मंग तुना कांदा मोज." जेवल्याशिवाय चाळीत पाऊल टाकू द्यायची नाही. मग मी पिशव्या उतरवायचे, एकेक कांदा हातात घेऊन पाहायचे, आणि वहीत लिहायचे: शून्य. पहिल्या रविवारी शून्य, दुसऱ्या रविवारी शून्य. तिसऱ्या रविवारी तर मी परतीच्या बसमध्ये गालातल्या गालात हसत होते. आपला हात लागला आणि कांदा सडायचाच थांबला! बाबांच्या तोंडावर मॅडम काय काय बोलतील त्याची वाक्यं मी मनातल्या मनात रचायला लागले. खोटं कशाला बोलू, ती वाक्यं मॅडमच्या तोंडी कधी येणार नाहीत इतकी भारी होती.

पाचव्या आठवड्यानंतर मॅडमनी वही मागितली. शेंगदाणे खात खात त्या पानं उलटत होत्या.

"एकही नाही सडला?"

"एकही नाही, मॅडम!"

"साध्या पिशव्यांतलाही नाही?"

"तोही नाही!" मी अजून अभिमानानेच सांगत होते.

त्यांनी वजनाच्या रकान्यावर बोट ठेवलं. "चाळीत ठेवलेल्या कांद्यातलं पाणी उडतं. वजन उतरतं. तुझ्या दोन पिशव्यांचं वाढलंय. तुझे कांदे तिथे बसून जेवतात का गं?"

माझे धाबे दणाणले. आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो मी पाच आठवडे चुकवत आले होते. "नंबर घातले होतेस ना?"

"घातले होते, मॅडम," मी म्हणाले. "पुसले गेले बहुतेक."

मॅडमनी वही मिटली. "चल, उद्या मी येते तुझ्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी एसटीत त्या खिडकीशी बसल्या आणि मी त्यांच्या शेजारी. दिंडोरीच्या आसपास त्यांनी शेंगदाणे पुढे केले. मी मूठभर घेतले आणि तसेच हातात धरून बसले. वणी मागे पडली. एकदा वाटलं, कशाला सांगायचं, मावशीला डोळ्याने खुणावलं की झालं. पण सटाणा यायच्या आधी मलाच ते सहन होईना. "मॅडम, मी नंबर घातलेच नव्हते. कंटाळा केला. आणि काल तुमच्याशी खोटं बोलले." एवढं बोलून मी भर एसटीत रडायला लागले. कंडक्टरसुद्धा वळून बघायला लागला.

"माहीत होतं मला," मॅडम म्हणाल्या. "तो मार्कर मीच दिला होता. पुसला जात नाही तो." मग म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस. आता रडू नकोस, सटाण्याला चहा घेऊ." मला इतकं हलकं वाटलं, की सटाण्याला मी चहाबरोबर दोन भजीपाव हाणले.

मावशीकडे पोचलो. नाशिकहून कॉलेजची बाई आली म्हटल्यावर तिची नुसती धावपळ. मॅडमनी पाणी घेतलं आणि सरळ विचारलं, "मावशी, हिच्या पिशव्यांना कुणी हात लावतं का हो?"

"नही बा!" मावशी ठसक्यात म्हणाली. "कोणले हात लावू देत नही मी. फक्त मीच लावते."

"तुम्ही काय करता?"

"सडेल काढी टाकते आणि चांगला ठेवते. रोज सकाळी." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू आता माझ्याकडून शाबासकी यायची होती. "तुना कांदा सडनात तं ह्या बाई तुले नापास करतीन ना!"

पाच रविवार, पाच वेळा जाऊन-येऊन सात-आठ तासांचा प्रवास, आणि मी मोजत होते ती मावशीची माया! दर सकाळी उठून ही बाई आपल्या ढिगातले निवडक, टपोरे कांदे माझ्या पिशव्यांत भरत होती. वजन वाढणार नाही तर काय होईल? मला तिच्यावर ओरडायचं होतं, खरंच ओरडायचं होतं. पण मॅडमनी पदर तोंडाला लावला होता आणि त्यांचे खांदे गदगदा हलत होते. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग मलाही हसू फुटलं. मावशी बिचारी दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली.

तिला नीट समजावून सांगितलं तेव्हा तिचा चेहराच उतरला. "म्हंजे मी पोरीचं वाटोळं केलं का?"

"तुम्ही नाही. तिने नंबर घातले असते तर पहिल्याच रविवारी कळलं असतं," मॅडम म्हणाल्या.

"पण मी तरी काय करू," मावशी पुटपुटली. "सडणार ते मले पहिल्याच दिवशी दिसले होते. ही भरत होती तव्हाच."

मॅडमचं हसू थांबलं. "पहिल्या दिवशी? कसे काय?"

"त्यात काय शे? मान पाहायची. जाड मानेचा टिकत नही. आणि दाबला का बोटाले कळतं." तिने ढिगातून एक उचलला, अंगठ्याने दाबला. "हा जाई." दुसरा उचलला. "हा दिवाळीपर्यंत ऱ्हाई." मला दोन्ही सारखेच दिसत होते.

मॅडमनी साडीचा पदर खोचला. "ताडपत्री आणा."

पुढचे तीन तास आम्ही तिघी ताडपत्रीवर बसलो होतो. ढिगातून न बघता दोनशे कांदे काढले, आणि प्रत्येकावर, अगदी प्रत्येकावर, मी नंबर घातला. मग मावशीने कुठले सडतील ते सांगितलं. मी माझ्या अकलेने सांगितलं. मॅडमनी त्यांच्या पीएच.डी.च्या अकलेने सांगितलं. तिघींचे अंदाज तीन वेगळ्या कागदांवर लिहिले, घडी घालून मॅडमच्या पर्समध्ये. एकीचं दुसरीला दाखवायचं नाही. मावशीला अट एकच: कांद्यांना हात लावायचा नाही, काहीही होवो.

त्या अटीने मावशीचे जे हाल झाले ते काय सांगू! उभ्या जन्मात तिने चाळीत सडका कांदा राहू दिला नव्हता. आठवड्याभरात तिचे व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप सुरू झाले. "बेटा, सडेलना वास सुटना. एकच काढू का?" नको, मावशी. "बेटा, शेजारीण इचारते, तुना घरमा काय मरेल शे?" नको, मावशी! एकदा तर तिने नुसताच सुस्कारा रेकॉर्ड करून पाठवला. कॉलेज उघडलं, पाऊस लागला, तरी मी रविवारी जात राहिले. आता वहीत शून्य नव्हते. नाकाला रुमाल बांधून मी नंबर वाचायचे आणि सडलेल्या प्रत्येक कांद्याला बघून मनापासून आनंदायचे. इतकी मजा मला आयुष्यात कशात आली नव्हती.

शेवटी मॅडमनी पर्समधले कागद काढले. मावशीने 'जाई' म्हटलेले बहुतेक सगळे गेले होते. माझे अंदाज म्हणजे निव्वळ अंधारात दगड. आणि मॅडमचे माझ्याहूनही वाईट! त्या इतक्या खूश झाल्या की विभागातल्या प्रत्येकाला स्वतःची फजिती सांगत सुटल्या.

सादरीकरणाच्या दिवशी बाबा आले. अर्धी रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून, पहिल्या रांगेत. आदल्या दिवशी मी मॅडमना विचारलं होतं, पहिल्या पाच आठवड्यांचं काय करू? सरळ दुसऱ्या प्रयोगापासून सुरुवात केली तर कुणाला कळणारही नाही. "तुझं बोलणं, तू ठरव," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. ती रात्र मी तळमळत काढली. सकाळी उठून पहिली स्लाइड बदलली.

तिच्यावर लिहिलं होतं: माझा पहिला प्रयोग फसला. कारणं दोन. मावशीची माया आणि माझा आळस.

मागच्या बाकांवर हशा पिकला. मी बाबांकडे पाहिलं. ते हसत नव्हते. त्यांचा चेहरा असा झाला, की आता सगळं संपलं हे मला कळून चुकलं. पण तोंड उघडलंच होतं, मग मी सगळं सांगितलं. वीस कांद्यांवर घातलेले नंबर, मॅडमशी बोललेलं खोटं, दिंडोरी-सटाण्याच्या रस्त्यावरचं रडणं, मावशीचा अंगठा. आणि सांगायला मजा येत होती. एका सरांनी दरडावून विचारलं, "मग त्या पाच आठवड्यांच्या आकड्यांचं काय केलंस?" मी म्हटलं, "काहीच नाही, सर. ते कशाचेच आकडे नव्हते."

बाहेर व्हरांड्यात बाबांनी मॅडमना गाठलं. मी खांबाआड उभी होते.

"मॅडम, हिचं तर चुकलं ना?" बाबा म्हणाले. "तुमच्याशी खोटंही बोलली."

"चुकलं. बोलली," मॅडम म्हणाल्या. "पण आज तिने सांगितलं नसतं तर कुणाला कळलं नसतं. मी तिला सांग म्हटलं नव्हतं. हुशार मुलं मला दरवर्षी मिळतात हो. तिला एम.एस्सी. करू द्या."

बाबांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढली. मग म्हणाले, "आमच्या कारखान्यात माल बिघडला की आठ-आठ दिवस कुणी सांगत नाही." नमस्कार करून ते पार्किंगकडे चालू लागले. मी मागोमाग. त्यांनी स्कूटर काढली, हेल्मेट हँडलला अडकवलं आणि खिशातून फोन काढला. फोनवर बाबा नेहमी ओरडूनच बोलतात, त्यामुळे अर्ध्या पार्किंगला ऐकू गेलं.

"हॅलो, क्लास ना? आमच्या मुलीची जागा धरून ठेवली होती, ती द्या दुसऱ्या कुणाला. नाही, येणार नाही ती." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. बाबा एकदम चिडले. "अहो, लग्नबिग्न काही ठरलेलं नाही! शिकतेय ती. कांदा का सडतो ते शोधतेय." परत काहीतरी विचारलं असावं, कारण बाबांनी आवाज आणखी चढवला. "पुढे काय ते आम्हालाही माहीत नाही. तिलाही माहीत नाही. बघू या ना!"

त्यांनी फोन खिशात टाकला आणि माझ्याकडे न बघता स्कूटरला किक मारली. मी मागे बसले, त्यांच्या इस्त्रीच्या शर्टात तोंड खुपसलं आणि कॉलेज रोड संपेपर्यंत रडत राहिले.