कारणाचा रकाना

गडचांदूरजवळच्या एका सिमेंट कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मुलीवर अन्याय झाला. लोक म्हणतात, मे महिन्यातल्या मंगळवारी दुपारी सव्वादोनला, ती भट्टीच्या जिन्यावर कोसळली तेव्हा. खोटं आहे. अन्याय सुरू झाला डिसेंबरातल्या सोमवारी, सकाळी आठला, ती रुजू झाली तेव्हाच. मी तिथंच टाइम ऑफिसात कारकून होतो.

ती वरोऱ्याची, बाप शिंपी, घरातली पहिली बीएस्सी. कारखान्याच्या आत घेतलेली पहिली बाई. सहा महिने काम बघणार, मग परमनंट करायचं की नाही ते ठरवणार. साहेबांनी गुलाब दिला, फोटो काढला. बाईसाठी संडास मात्र आवारात नव्हता. एकच होता, फाटकापलीकडं पाहुण्यांच्या बंगल्यात. चावी चौकीदाराकडं. चावी घेताना रजिस्टरात नाव, वेळ आणि कारण लिहायचं, परत देताना पुन्हा वेळ.

"कारण लिवा, बाई."

"काय लिहू भाऊ? तुमाले समजत नाई का?"

"मले समजते. रजिस्टराले समजत नाई."

तिनं हसून 'खाजगी' लिहिलं. दुसऱ्या खेपेला 'खाजगीच'. तिसऱ्या खेपेला 'पुन्हा तेच'. एकदा चिडून लिहिलं, 'साहेब ज्यासाठी जातात त्यासाठी.' आमचं ऑफिस आठवडाभर हसत होतं. मीही.

दर तासाला सिमेंटचा नमुना तपासायचा असे. जाऊन यायला वीस मिनिटं. उशीर झाला की बोलणी. पुरुष भिंतीमागं उभे राहत. हळूहळू तिनं जाणं सोडलं, आणि जाणं सोडायचं म्हणून पाणी सोडलं. चंद्रपूरचा उन्हाळा, आम्ही माठच्या माठ रिकामे करत होतो.

"म्याडम उंट हाये," पॅकिंगवाले म्हणायचे. "पाणी लागतच नाई तिले."

"उंटाले रजिस्टर तं नसते ना," ती म्हणायची.

मी तेव्हा पत्रकं लिहायचो. समान वेतन, समान संधी, कँटीनमध्ये जात पाहून बसणं बंद करा. माझ्या मागण्यांत संडास नव्हता. सुचलाच नाही. मला भिंत होती.

ती पडली तेव्हा डॉक्टर म्हणाले, लघवी तुंबवून संसर्ग थेट मूत्रपिंडापर्यंत गेलाय, त्यात हे ऊन. साहेब म्हणाले, "म्हणूनच बायका नकोत असं मी सांगत होतो." मग मला बोलावलं. रजिस्टरातल्या तिच्या सगळ्या नोंदी चांगल्या अक्षरात उतरवून द्या.

मला आनंद झाला! वाटलं, अहवाल वर जाणार, संडास बांधणार. दोन दिवस बसून प्रत्येक खेपेची जाण्यायेण्याची वेळ लिहिली. लांबलेल्या खेपांखाली लाल रेघ मारली. पुरावा म्हणून.

पुरावाच झाला. जूनमध्ये तिला पत्र मिळालं: कामाची जागा वारंवार सोडणे, नोंदवहीत उद्धट मजकूर लिहिणे, सबब सेवेत कायम करता येत नाही. सोबत माझी यादी, लाल रेघांसकट.

ती फाटकाशी उभी होती. चेहरा अजून सुजलेला.

"हे तुमचं अक्षर हाये ना, भाऊ? पत्रकातल्यासारखंच. लय सुंदर हाये."

"मले वाटलं तुमच्या बाजूनं..."

"मले इचारलं असतं तं?"

नव्हतं विचारलं. साहेबांकडं धावलो, ते म्हणाले, यादी तुमचीच आहे. युनियनकडं गेलो, ते म्हणाले, एका बाईसाठी गेट बंद करायचं का? साहेबांच्या पाया पडलो. हो, पत्रकवाला मी, पाया पडलो. काही झालं नाही. ती आता वरोऱ्याला बापाच्या दुकानात काजं करते.

येत्या सोमवारी तिच्या जागी दुसरी मुलगी येतेय. गुलाब सांगून ठेवलाय. रजिस्टर तेच आहे.

हे वाचणारे तुम्हीही कुठं तरी नोकरी करता. उद्या तुमच्या इथल्या बाईला विचारा, ती कुठं जाते, चावी कुणाकडं असते, तिला काय हवंय. ती जाते तेवढं अंतर स्वतः चालून बघा. मग ती म्हणेल तेच घेऊन साहेबांपुढं उभे राहा, आणि दार उघडं झाल्याशिवाय हलू नका. तिला विचारल्याशिवाय तिच्याबद्दल एक ओळही लिहू नका.