लावणी आणि गणपतीच्या मधलं कोपनहेगन

"मॅडम, जुलैत आमची लावणी. गणपतीला घर बंद ठेवायचं नाय. मधी काय बसतं ते बघा," असं म्हणून धोंडूकाका मोरे समोरच्या खुर्चीत निवांत बसले; सोबत त्यांची बायको आणि सून होती.

महाडला एसटी स्टँडजवळ माझी ट्रॅव्हल एजन्सी आहे. लग्नाआधी मी मुंबईत एका ट्रॅव्हल कंपनीत तिकिटं काढायचे. इथला माझा बराचसा धंदा आखाती देशांत नोकरीला जाणाऱ्यांचा. कोपनहेगनचं तिकीट मागायला पहिल्यांदाच कोणी आलं होतं. तेही पोलादपूरजवळच्या कापड्याहून, आणि एकदम सहाजणांसाठी! काका, अनसूयाकाकू, मुंबईत गाडी चालवणारा मोठा मुलगा संदीप, सून मनीषा आणि त्यांची दोन मुलं. धाकटा विनोद आधी आमच्या एमआयडीसीत होता, आता तिकडे औषधांच्या कंपनीत आहे. त्याला मुलगी झाली होती. घरचे सगळे आल्याशिवाय बारसं करायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं.

जून-जुलै म्हणजे तिकडचा उन्हाळा. सुट्टीचा सीझन, भाडी आकाशाला. ऑगस्टच्या मध्यावर तिकडच्या शाळा उघडल्या की भाडी उतरतात. त्या वर्षी अधिक महिना असल्याने गणपती उशिरा होते. म्हणजे भाताची लावणी उरकून जायचं आणि गणपतीआधी परत यायचं, हे जमण्यासारखं होतं. "मुलांच्या शाळेत मी सांगते," मनीषा म्हणाली. तारखा ठरल्या.

तरी सहा सीट टाकल्या की भाडं फुगायचं. मग मी चार टाकून बघितल्या. भाडं खाली आलं. यात जादू काही नाही. एकाच विमानातल्या सीट वेगवेगळ्या दरांच्या गटांत वाटलेल्या असतात. स्वस्त गटात चारच उरल्या असतील आणि आपण सहा मागितल्या, तर कंप्युटर सहाच्या सहा पुढच्या महाग गटातल्या दाखवतो. म्हणून मी बुकिंग फोडलं. चार स्वस्तातल्या, दोन जरा महाग. एकूण बेरीज काकांच्या आवाक्यात आली.

काकूंना ते पटेना. "म्हंजे आमाला येगळं इमान?"

"विमान एकच, काकू. फक्त बुकिंग दोन. तुम्ही आणि संदीप एकात, बाकी चौघं दुसऱ्यात."

"मग ह्यांना पोरं सांभाळू देत," काकू म्हणाल्या, आणि काका सोडून सगळे हसले.

दोन्ही बुकिंगमध्ये मी शेरा टाकला, की हे एकच कुटुंब आहे, नातीच्या बारशाला चाललंय, सोबत ठेवा. व्हिसा वेळेत आले. विनोदने बारशाला हॉल घेतला, ऑफिसातले लोक बोलावले. ते पोचायचे त्याच्या दुसऱ्याच दिवशी बारसं.

आणि निघायच्या आदल्या आठवड्यात एअरलाइनचा मेल आला. आमचं विमान रद्द. चौघांना त्याच दिवशीच्या दुसऱ्या विमानात बसवलं होतं. काकू आणि संदीप दुसऱ्या दिवशीच्या, रात्री पोचणाऱ्या. म्हणजे बारसं आटपल्यावर आजी उतरणार! शेरा कंप्युटरने वाचलाच नव्हता.

मी काकांना फोन केला. तो काकूंनी घेतला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बाय गो, त्यांना जाऊ दे. मी नंतर बघीन नातीला." आवाज असा होता की मला बसवेना.

मी एअरलाइनला फोन लावला.

"मॅडम, चौघांच्या विमानात जागा नाही. आणि बुकिंग दोन आहेत," तिकडचा मुलगा म्हणाला.

"दोन असू देत. शेरा वाच. विमान तुम्ही रद्द केलंय, आम्ही नाही. बदल तुमच्याकडून झाला की पॅसेंजरला दुसरं विमान मागता येतं, जादा भाडं न भरता. बरोबर?"

"हो, पण..."

"आदल्या दिवशीच्या विमानात सहा सीट दिसताहेत मला. सगळ्यांना त्यात टाक."

"त्या महागड्या आहेत, मॅडम. मला सुपरवायझरला विचारावं लागेल."

"विचार. मी लाइनवर आहे."

होल्डवरची सतारीची धून मला पाठ झाली. शेवटी सुपरवायझर बाई आल्या. त्यांनी दोन्ही बुकिंग उघडून शेरा वाचला आणि विचारलं, "पॅसेंजर आजी आहेत का?"

"बारशाच्या मुलीची."

त्यांनी सहाही जणांना हलवलं. जादा पैसे शून्य.

मी पुन्हा कापड्याला फोन केला. "काकू, एक दिवस आधी निघायचंय. सगळ्यांनी एकत्र."

"आधी? अगो, मग लाडू आजच वळायला हवेत!" आणि फोन बंद.

बारशाचे फोटो मनीषाने पाठवले. नऊवारीवर जाड जाकीट घातलेल्या काकू पाळण्याशेजारी उभ्या होत्या, आणि विनोदच्या ऑफिसातली दोन उंच माणसं पाळण्याची दोरी धरून होती. नात आजीवर गेली आहे, हे काकांचं मत. गणपतीआधी सगळे घरी परतले.

बुकिंग फोडलं की स्वस्त पडतं, म्हणून मी आजही फोडते. फक्त आता विमान सुटेपर्यंत दोन्ही बुकिंग रोज सकाळी उघडून बघते. तिकीट दिलं म्हणजे आपलं काम संपलं, असं या धंद्यात नसतं.