बिराजदार सरांचा इन्स्पायर

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. स्टाफरूमच्या कपाटावर कुणाचीच नसलेली उत्तरपत्रिकांची बंडलं साठत जातात, तसे ते साठतात. टाकवत नाहीत आणि कामालाही येत नाहीत. सोलापूरच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात तर ते इतके झालेत, की नवीन माणूस रुजू झाला की त्याला टाइमटेबल नंतर मिळतं, किस्से आधी! त्यातले निम्मे एकट्या बिराजदार सरांचे. आणि सरांचे सगळे एकाच शब्दाचे.

बिराजदार सर इंग्रजीचे. मूळचे अक्कलकोटकडचे. घरात कन्नड, वर्गात इंग्रजी आणि राग आला की मराठी. नोकरीभर खडू झिजवला, त्या बदल्यात खडूनं त्यांना दमा दिला. वरच्या खिशात लाल पेन आणि दम्याचा पंप, दोन्ही कायम. मी जीवशास्त्राची, माहेर माढ्याचं. शेजारच्या खुर्चीवर फिजिक्सचे शेख सर. आमचं त्रिकूट.

सुरुवात झाली ती आमच्या संस्थेच्या अध्यक्षांमुळे. आप्पासाहेब कुठल्याशा शैक्षणिक परिषदेसाठी पुण्याला गेले आणि येताना ‘इन्स्पायर’ हा शब्द घेऊन आले. बाकीचे लोक पुण्याहून बाकरवडी आणतात!

लगेच मीटिंग. आप्पासाहेब म्हणाले, “आजपासून प्रत्येक शिक्षकानं रोज एक तरी विद्यार्थी इन्स्पायर करायचा. शनिवारी रिपोर्ट!”

बिराजदार सर उभे राहिले. “साहेब, हा शब्द लॅटिनमधून आलाय. इन्स्पायर म्हणजे आत फुंकणं, श्वास भरणं. आणि मुळात फुंकणारा माणूस नव्हता, देव होता. देवानं मातीच्या पुतळ्यात श्वास फुंकला आणि माणूस जिवंत झाला. तिथून हा शब्द आपल्यापर्यंत कसा उतरला, ते जरा…”

“म्हंजे हवा भरायची?” आप्पासाहेबांनी हात वर केला. “सर, आपल्या पोरांच्या डोक्यात आधीच लई हवा हाय. तुमी फकस्त रिपोर्ट द्या!”

शनिवारी रिपोर्ट गेले. शेख सरांनी लिहिलं होतं, ‘सोमवारी दोन इन्स्पायर केले. मंगळवारी एक, तो गैरहजर होता.’ आप्पासाहेबांनी त्यावर सही केली आणि शेरा मारला, ‘प्रगती समाधानकारक.’

त्या दिवशी सर मला म्हणाले, “मॅडम, मला अर्धा तास पाहिजे. फक्त अर्धा तास आणि समोर बसलेली माणसं. हा शब्द देवापासून निघून आप्पासाहेबांपर्यंत कसा आला, एवढं एकदा पूर्ण सांगायचंय. रिटायर व्हायच्या आत.”

माणसाला घर बांधायचं असतं, पोरीचं लग्न करायचं असतं. सरांचं दोन्ही झालं होतं. आता एवढंच राहिलं होतं. आम्ही तेव्हा हसलो.

•

पुढची गंमत माझ्या विषयात घडली. श्वसनाच्या धड्यात इन्स्पिरेशन म्हणजे श्वास आत घेणं आणि एक्स्पिरेशन म्हणजे बाहेर सोडणं. गेली कित्येक वर्षं मी हेच शिकवते. पण आप्पासाहेबांच्या कृपेनं वर्गावर्गात ‘इन्स्पायर’चे फलक लागले, आणि पोरांनी दोन्हीचं कालवण केलं.

चाचणीत प्रश्न होता, इन्स्पिरेशन म्हणजे काय? मोहोळच्या एका पठ्ठ्यानं लिहिलं, ‘इन्स्पिरेशन म्हणजे मोठ्या माणसाचे भाषण ऐकणे. त्या वेळी छाती फुगते. भाषण संपल्यावर छाती पूर्ववत होते.’

मी शून्य देणार होते. सरांनी पेपर हातातून काढून घेतला आणि दोनदा वाचला. “अय्यो! मॅडम, याला पैकीच्या पैकी द्या. डॉक्टर लोकांनी या शब्दातला देव काढला आणि फक्त छाती ठेवली. यानं ती छाती परत भाषणापर्यंत आणून पोचवली. असं कुणी एका ओळीत लिहिलेलं मी वाचलं नाही.”

“सर, बोर्डानं विचारलं तर?”

“बोर्डाची छाती कधी फुगलीय?”

मी अर्धा मार्क दिला. जीवशास्त्राची असले तरी माणूसच आहे.

•

आमच्या गॅदरिंगमध्ये एकदा सरांना बोलायला मिळालं. खरंच मिळालं! देव झाला, प्रेषित झाले. मग सर कवींवर आले. “नंतर फुंकायचं काम देवानं काव्यदेवतेकडं दिलं. कवी म्हणायचे, हे मी लिहिलं नाही, तिनं माझ्यात श्वास भरला. यात नम्रता होती बघा! कारण वारा बाहेरून यायचा, कवी नुसता बासरीसारखा पोकळ. आणि मग माणूस म्हणाला, बाहेरचं कशाला, आमीच एकमेकांना फुंकतो की! तिथून पुढं…”

तिथून पुढं मागच्या दारानं भज्यांचा वास आला. सरांच्या समोर खुर्च्या उरल्या.

“सायन्स हय सर,” शेख सर त्यांची समजूत काढत म्हणाले, “भजी का वास पण इन्स्पिरेशनमधूनच आत जाता!”

•

सगळ्यात वाईट वाटलं ते आयकार्डाच्या वेळी. संस्थेनं सगळ्यांना नवीन आयकार्डं दिली, गळ्यात अडकवायची. सरांना मिळालं नाही. सर ऑफिसात गेले, मी होतेच तिथं. आमचे क्लार्क येमूल भाऊ मनानं सोनं, पण जिभेला हाड नाही.

“सर, तुमाला कशाला नवीन कार्ड?” येमूल भाऊ कॉम्प्युटरमधून मान न काढता म्हणाले. “तुमी तर मे महिन्यात एक्सपायर होताय की!”

मी येमूल भाऊंना डोळ्यांनी दटावलं. 

सर मात्र खुर्ची ओढून बसले. चेहरा खुललेला! “येमूल, ही त्याच शब्दाची धाकटी बहीण. एक्सपायर म्हणजे श्वास बाहेर सोडणं. शेवटचा सोडला की माणूस गेला. मग मुदती जायला लागल्या, मग औषधं, मग बसचा पास. आधी माणूस मरायचा, आता कार्ड मरतं. किती स्वस्त झाला शब्द!”

“व्हय सर,” येमूल भाऊ म्हणाले, “पण सिस्टीम घेत न्हाय त्याला मी काय करू?”

बाहेर आल्यावर सर जिन्यात थांबले, पंप मारला. “मे महिना,” एवढंच म्हणाले. मला पहिल्यांदाच त्या अर्ध्या तासाचं हसू आलं नाही.

•

त्याच हिवाळ्यात आप्पासाहेबांनी मोटिव्हेशनल स्पीकर आणले. गळ्यात टाय, कानाला माइक, पायात पांढरे बूट. पोरांना दोन तास ‘मी सिंह आहे’ असं ओरडायला लावलं. मग प्रत्येकाच्या हातात फुगा. “तुमची स्वप्नं फुगवा! अजून फुगवा! लिमिट नाही!”

लिमिट होती. पहिल्या रांगेतली सगळी स्वप्नं फटाफट फुटली. पाहुणे म्हणाले, “हाच मेसेज आहे!” काय मेसेज होता ते आजतागायत कळलेलं नाही.

सरांकडे आभारप्रदर्शन होतं. त्यांनी मुद्दाम मागून घेतलं होतं. आमच्याकडं आभाराला कुणी वेळ ठरवून देत नाही, त्यामुळे तिथं अर्धा तास काढायचा सरांचा बेत. माइक धरला, घसा साफ केला. “आज पाहुण्यांनी आपल्याला इन्स्पायर केलं. या शब्दाचा मूळ अर्थ…”

आणि राष्ट्रगीत सुरू झालं. शिपाई रामभाऊंना सवय, आभाराचा माणूस माइकवर दिसला की बटण दाबायचं.

सर ताठ सावधान. राष्ट्रगीतापुढं कोण बोलणार? संपलं आणि पोरं ‘मी सिंह आहे’ ओरडत बाहेर पळाली.

•

मग आम्ही ठरवलं. मी, शेख सर आणि येमूल भाऊ. बोलून गेलेल्या शब्दाची येमूल भाऊंनाही टोचणी होतीच. स्टाफरूमच्या कोपऱ्यात डोक्याला डोकी लावून बसलो. तेवढ्यात सर आत आले.

“काय कॉन्स्पायर करताय?” सर म्हणाले. “चालू द्या. त्याचा अर्थ एकत्र श्वास घेणं. कट करणारी माणसं इतकी जवळ बसतात की एकाचा श्वास दुसऱ्याला लागतो.”

आमचा कट साधा होता. निरोप समारंभात सरांना पूर्ण अर्धा तास द्यायचा. अडचण एकच, सोलापूरचा सत्कार! बाकी गावात शाल घालतात. आमच्याकडं चादर ही घरची चीज, मग हात का आखडता घ्यायचा? आणि घातलेली चादर लगेच काढता येत नाही. घालणारा पहिल्या रांगेत बसून बघत असतो!

म्हणून पत्रिकेतच छापलं, ‘कृपया हार, तुरे, चादरी आणू नयेत. सर फक्त बोलणार आहेत.’

आम्हाला वाटलं, जिंकलो. सोलापूरकरानं ती पत्रिका कशी वाचली असेल याचा विचार आम्हा तीन सोलापूरकरांपैकी एकानंही केला नाही. प्रत्येकाच्या मनात एकच आलं, ‘बाकी कुणी चादर आणणार नाही. म्हणजे आपली एकटीच उठून दिसेल!’

•

समारंभ मे महिन्याच्या शेवटी. पत्र्याचा हॉल. दोन मोठे कूलर होते, पण ते चालू असले की यंत्रमागाच्या कारखान्यात बसल्यासारखं वाटतं. सरांचा शब्दन् शब्द लोकांना ऐकू जावा म्हणून आम्हीच ते बंद करून ठेवले. तेवढी हुशारी आमच्यात आहे.

पहिली चादर अक्कलकोटच्या पाहुण्यांनी घातली, “एकच आहे, नाही म्हणू नका” म्हणत. दुसरी मोहोळच्या माजी विद्यार्थ्यांनी. मग माझे माढ्याचे भाऊ उठले, त्यांना तर मी बोलावलंही नव्हतं! मग पालक, मग गल्लीतलं मंडळ, मग बँकेतली माणसं. येमूल भाऊंच्या चुलत्यांनी स्वतःच्या मागावर विणलेली चादर आणली होती. तिच्यावर सरांचं नावच विणलेलं, ती तर नाकारताच येईना. येमूल भाऊ माझ्याकडं बघून म्हणाले, “मॅडम, मी त्यांना न्हाई म्हनलं होतं हो! घरच्या तेलुगूतसुद्धा म्हनलं होतं!”

सरांची आता मानच तेवढी दिसत होती. चादरींच्या ढिगावर ठेवल्यासारखी. घाम कानशिलांवरून गळत होता. पंप वरच्या खिशात आणि खिसा सगळ्यात खाली. शेख सरांनी दोनदा उठून एखादी चादर काढायचा प्रयत्न केला. पहिल्या रांगेतून आवाज आला, “ओ सर, आमचा फोटो राह्यलाय!”

शेवटची चादर आप्पासाहेबांची. साहजिकच डबलबेडची.

मग आप्पासाहेब म्हणाले, “आता सर दोन शब्द बोलतील.”

माइक सरांच्या हातात आला. हॉल शांत झाला. सगळे आपापल्या जागी, एकही उठलेला नाही. भजी नव्हती, घंटा नव्हती, रामभाऊंना मी जातीनं मशीनपासून लांब बसवलं होतं. मी मनात म्हटलं, बोला सर, आता बोला.

सरांनी तोंड उघडलं. आवाज फुटेना. छाती वरखाली होत होती, एवढ्या चादरींतूनही दिसत होती. शेवटी शब्द आले, एकेक करून.

“आधी… मला… श्वास… घेऊ द्या!”

 कडाडून टाळ्या! पहिली रांग उभी राहिली, तिच्यामागं सगळा हॉल. आप्पासाहेबांचे डोळे पाणावले. त्यांनी सरांच्या हातातून माइक घेतला.

“वा! उभ्या आयुष्याचं सार एका वाक्यात! लई भाषणं ऐकली मी, पुन्याची ऐकली, मुंबईची ऐकली. पण इतकं इन्स्पायरिंग भाषण न्हाई ऐकलं! चला, शेंगापोळी गार होतीय!”

हॉल रिकामा झाला. शेख सर कूलरकडं पळाले. मी आणि येमूल भाऊ चादरी काढायला लागलो, संपता संपेनात. पंप सापडला. सरांनी तो ओढला, थांबले, परत ओढला. चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. मला रडू आवरेना.

“सर, माफ करा हो. आमच्यामुळं तुमचं भाषण राहिलं.”

सरांनी एक लांब, पूर्ण श्वास घेतला. दारातून जेवणाची पंगत दिसत होती. आप्पासाहेब हातवारे करून सगळ्यांना ते वाक्य ऐकवत होते, ‘आधी’वर थांबून, ‘श्वास’वर आवाज चढवून. लोक माना डोलवत होते.

“कुठं राहिलं, मॅडम?” सर म्हणाले. “देवापासून माणसापर्यंत मी आणलं होतं. आप्पासाहेबांपर्यंतचा शेवटचा भाग त्यांनीच सांगितला की!”